वेदीपुढची टोपली

एका लिंबाचे किती पैसे होऊ शकतात, हे पाहायचं असेल तर कापणीच्या सणाला एखाद्या मराठी चर्चच्या अंगणात जाऊन उभं राहावं. सकाळची उपासना आटोपलेली असते. वेदीपुढच्या टोपल्या बाहेर मांडवात येतात: ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, लाल भोपळा, डझनभर अंडी, पाय बांधलेला एखादा कोंबडा, कुणाच्या परसातली कढीपत्त्याची जुडी. मग मंडळीतला एखादा बोलका गृहस्थ लिंबू हातात धरून बोली सुरू करतो. दहा, वीस, पन्नास. शंभराला लिंबू सुटतं. घेणारा पैसे देतो आणि लिंबू परत टोपलीत ठेवतो. पुन्हा बोली. त्याच लिंबाचे तिसऱ्यांदा पैसे येतात तेव्हा पोरं टाळ्या पिटतात आणि म्हाताऱ्या हसतात.

हिंगणघाटसारख्या गावात हा प्रकार आणखी मजेशीर वाटतो. कारण हे गाव भावावर जगणारं. इथल्या बाजार समितीच्या आवारात कापसाच्या गाड्या रांगेनं उभ्या राहतात, अडत्या बोंड चिमटीत घेऊन धाग्याची लांबी पाहतो, ओलावा जोखतो आणि भाव सांगतो. शेतकऱ्याचं वर्ष त्या एका आकड्यात मावतं. भाव पडला म्हणून वणा नदीच्या काठच्या या गावानं किती दिवाळ्या कोरड्या काढल्या, त्याची मोजदाद नाही. त्याच हवेत वाढलेली माणसं रविवारी एका लिंबाला तीनदा विकतात आणि शेवटी ते कुणाचं झालं हेही लक्षात ठेवत नाहीत.

वर्धा–नागपूर पट्ट्यातल्या मंडळ्या मोठ्या नाहीत. पाळकाला प्रत्येक घर ठाऊक असतं, कुणाकडे काय दुखणं चाललंय तेही ठाऊक असतं. या घरांत एक शब्द सारखा कानावर येतो: उपकारस्तुती. मूल झालं, शस्त्रक्रिया पार पडली, नोकरी लागली, अपघातातून माणूस वाचला की घरी 'उपकारस्तुतीची प्रार्थना' ठेवतात. पाळकसाहेब येतात, गाणी होतात, कुणीतरी साक्ष देतं, चहा-चिवडा होतो. बाहेरच्या मराठी माणसाला शब्द अवजड वाटेल. मला तो फार नेमका वाटतो, आणि या टोपलीचं कुळ शोधायचं तर शब्दापासूनच निघावं लागतं.

मराठी घरात आभार मानायची पद्धत नाही. आईनं ताट वाढलं म्हणून तिला कुणी 'धन्यवाद' म्हणत नाही. म्हटलंच तर ती विचारेल, बरं आहे ना तुला? 'आभार' या शब्दाच्या पोटातच भार आहे. 'उपकार' तर त्याहून जड. उपकार केले की फेडावे लागतात, फेडले नाहीत तर ते बोलून दाखवले जातात आणि बोलून दाखवले की त्यांची चव जाते. 'तुझे उपकार नकोत' हे आपल्या भाषेतलं सर्वांत स्वाभिमानी वाक्य असावं. अशा भाषेत बायबल आणताना भाषांतरकारांनी 'उपकार' हाच शब्द घेतला, पण त्याला 'स्तुती' जोडली. म्हणजे फेड नाही, स्तुती. ज्यानं दिलं त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं, आणि तो देव असल्यामुळे हिशेब तिथेच थांबतो. मधल्या माणसाच्या हाती वसुलीची चिठ्ठी उरत नाही. निदान तसं ठरलेलं आहे. प्रत्यक्षात मधल्या माणसांनी चिठ्ठ्या जपून ठेवल्याची उदाहरणं पुढे येतीलच.

टोपलीचं मूळ मात्र चर्चपेक्षा जुनं आहे. विदर्भात कापसाची पहिली वेचणी सुरू होण्याआधी वावरात सीतादही करतात. पऱ्हाटीजवळ दगड मांडून पूजा, दहीभाताचा नैवेद्य, नव्या कापसाचा धागा. चर्चमध्ये बोंडं फुटलेली पऱ्हाटीची फांदी घेऊन येणाऱ्या कुटुंबाच्या आजी-पणजीनं कधीकाळी हा दहीभात कालवलेला असणार. तिकडे कोकणपट्टीत आणि गोव्यात ही सांधेजोड उघड दिसते. गोव्यात ऑगस्टमध्ये 'कोंसाचें फेस्त' होतं, भाताची नवी कणसं पाद्री कापतात आणि आशीर्वाद देऊन वाटतात. रायचं ५ ऑगस्टला, ताळगावचं २१ ला. मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी 'आगेरा' असतो, वाजतगाजत नव्या भाताच्या पेंढ्या देवळात येतात. कॅथलिक चर्चनं तिथे जुनं पीक-पूजन उचललं आणि त्यावर पाणी शिंपडलं. विदर्भातली गोष्ट वेगळी. इथे प्रॉटेस्टंट धर्म आणला तो स्कॉटलंडच्या माणसांनी, आणि त्यांना सणांचं वावडं होतं.

स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चनं जुने बहुतेक सण मोडीत काढले होते. नाताळसुद्धा तिथे शतकानुशतकं कामाचाच दिवस होता. आभाराला मात्र त्यांनी एक जागा राखली होती: वर्षातून एकदोनदा प्रभुभोजन होई तेव्हा गुरुवारी उपास, शनिवारी तयारी, रविवारी प्रभुभोजन आणि सोमवारी उपकारस्तुती. फळं नाहीत, फुलं नाहीत. सोमवारी सकाळी पुन्हा जमायचं, प्रवचन ऐकायचं आणि घरी जायचं. प्रभुभोजनाचं ग्रीक नाव 'युखारिस्तिया', त्याचा अर्थच उपकारस्तुती. तरी आणखी एक दिवस हवा असं त्यांना वाटलं.

ही परंपरा घेऊन स्टीफन हिस्लॉप नागपुरास आला. त्याचं वय तेव्हा २७. १८४३ च्या मे महिन्यात स्कॉटलंडचं चर्च फुटलं. सरकार आणि जमीनदार यांनी पाळक नेमायचा हे अमान्य करून ४७४ पाळक पगार, घर आणि देऊळ सोडून बाहेर पडले. त्यांनी उभ्या केलेल्या फ्री चर्चचा हिस्लॉप मिशनरी. फेब्रुवारी १८४५ मध्ये तो नागपुरात पोहोचला. ज्या चर्चनं त्याला पाठवलं त्याच्याकडे स्वतःची धड देवळं नव्हती. कित्येक मंडळ्या उघड्यावर, समुद्रकाठी, धान्याच्या कोठारांत जमत होत्या. तरी वर्गणी काढून त्यांनी माणसं परदेशी पाठवली. आपल्याकडे 'स्वतःच्या ताटात नाही तर दुसऱ्याला काय वाढणार' म्हणतात. या लोकांनी उलट केलं.

गंमत अशी, की आज ज्याला आपण कापणीचा सण म्हणतो त्याचा इंग्लंडमधला आधुनिक जन्म त्याच १८४३ सालचा. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर मॉर्वेनस्टो नावाचं खेडं, तिथला पाद्री रॉबर्ट हॉकर. १८४३ च्या शरदात त्यानं गावकऱ्यांना नव्या गव्हाची भाकर करून प्रभुभोजनाला आणायला सांगितलं. हॉकर विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध होता, पण त्याचं दुसरं काम या सणाइतकं सांगितलं जात नाही. त्याच्या किनाऱ्यावर जहाजं फुटत. खलाशांची प्रेतं कड्याखालून वर आणून तो चर्चच्या आवारात नीट पुरायचा. त्याच्या आधी ती वाळूतच ढकलली जात. म्हणजे एका हातानं नव्या गव्हाची भाकर आणि दुसऱ्या हातानं अनोळखी माणसाचं प्रेत. त्याचं अनुकरण करणाऱ्या चर्चांनी भाकर घेतली आणि भोपळ्यांच्या आराशी मांडल्या. पुढच्या वीस वर्षांत हा सण इंग्लंडभर पसरला, आणि तिथून छावण्यांच्या, मिशनच्या वाटेनं हिंदुस्थानात.

आता १८६३ कडे यायला हवं. हे एक साल असं आहे की त्यात हिंगणघाट, इंग्लंडचा लँकेशायर, अमेरिका आणि नागपूरचं मिशन, सगळे एकाच धाग्यात ओवले जातात. तो धागा अर्थात कापसाचा.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. दक्षिणेकडचा कापूस अडला, आणि तो गुलामांच्या हातांनी वेचलेला होता हे विसरून चालणार नाही. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. १८६२ च्या हिवाळ्यात तिथे जवळजवळ पाच लाख माणसं मदतीवर जगत होती. लिव्हरपूलचे व्यापारी जगभर कापूस शोधू लागले, आणि त्यांच्या यादीत एक नाव ठळक झालं: हिंगणघाट. वर्धेच्या खोऱ्यातली 'बणी' कपाशी, देशी जातींत लांब आणि मऊ धाग्याची, या गावाच्या नावानं विकली जाई. नागपूरला रेल्वे यायची होती, ती १८६७ ला आली. तोवर गाठोडी बंड्यांवर लादून रेल्वेच्या टोकापर्यंत नेत. भाव कित्येक पटींनी चढला. शेतकऱ्याच्या हातात रुपया खुळखुळला. सावकाराच्या हातात अर्थातच जास्त. दोन वर्षांत युद्ध संपलं आणि भाव कोसळले. मुंबईत पेढ्या बुडाल्या, आणि इकडे ज्यांनी चढ्या भावावर कर्ज काढलं होतं त्यांचं काय झालं, ते विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

हिंगणघाटची ती तेजी म्हणजे लँकेशायरची उपासमार आणि अमेरिकेतली रणभूमी. त्या सालच्या पिकाबद्दल इथे कुणी सीतादहीला जास्तीचा भात ठेवला असेल तर ते आभार कुणाच्या चुलीतून आले होते? कापणीच्या सणाला टोपली वाहताना हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारावा असं मला वाटतं, आणि विचारला तर टोपली उचलून घरी न्यावी लागेल, असं मात्र वाटत नाही.

कारण त्याच काळात उलट दिशेचंही काही घडलं. लँकेशायरच्या बेकार कामगारांनी ३१ डिसेंबर १८६२ ला मँचेस्टरात सभा घेऊन गुलामगिरीविरुद्धच्या बाजूला पाठिंबा दिला. ज्या युद्धानं त्यांची चूल विझवली त्याच युद्धात त्यांनी लिंकनची बाजू घेतली. काही आठवड्यांतच अमेरिकेतून 'जॉर्ज ग्रिझवोल्ड' हे जहाज पीठ भरून लिव्हरपूलला आलं. त्याच १८६३ च्या ३ ऑक्टोबरला लिंकननं नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार राष्ट्रीय आभारदिन म्हणून जाहीर केला. जुलैतच गेटिसबर्गला तीन दिवसांत दोन्ही बाजूंची पन्नास हजारांच्या आसपास माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली होती. ज्या घरात मुलगा परतला नाही त्या घराला सरकार सांगत होतं, आभार माना. त्या जाहीरनाम्यात पिकापाण्याबरोबर विधवा आणि अनाथांची आठवण होती, राष्ट्राच्या चुकांबद्दल पश्चात्तापही होता. आजच्या टर्की खायच्या सुट्टीत त्यातलं किती उरलंय, हे तिकडे राहणारी मराठी मंडळीच सांगू शकतील.

आणि ४ सप्टेंबर १८६३. हिंगणघाटहून नागपूरला निघालं की बुटीबोरी लागते. आता तिथे कारखाने आणि उड्डाणपूल. त्या बाजूलाच टाकळघाट, जुन्या शिळावर्तुळांसाठी प्रसिद्ध. हिस्लॉप नुसता धर्मोपदेशक नव्हता. दगड, जीवाश्म, गोंडांची गाणी, सगळं गोळा करणारा माणूस. त्या दिवशी तो मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर ती वर्तुळं पाहायला गेला होता. परतताना बोरीची शाळा तपासायला मागे थांबला. संध्याकाळी एकटाच घोड्यावर निघाला. दिवसा उथळ असलेला ओढा पावसानं फुगला होता. मुक्कामावर घोडा पोहोचला, स्वार नव्हता. कंदील घेऊन माणसं शोधायला गेली तेव्हा प्रेत पाण्यात सापडलं. ४६ वर्षं पुरी व्हायला चार दिवस होते.

नागपुरातल्या लहानशा मंडळीनं पुढच्या प्रभुभोजनानंतरच्या सोमवारी काय केलं असेल, याचा विचार मी बरेचदा केला आहे. नियमानं तो उपकारस्तुतीचा दिवस. त्या दिवशी बाकावर बसलेल्या माणसांत त्याच्यापायी घरदार, जात, नातेवाईक सोडून आलेले होते. आता तोच गेला. त्यांनी आभार कशाचे मानायचे? मला वाटतं अशा वेळी पद्धतच माणसाला धरून ठेवते. मन म्हणत नाही, तोंड म्हणतं, शेजारचा म्हणतो आणि आपण त्याच्या आवाजात आवाज मिसळतो. एकट्यानं आभार मानणं ही मनःस्थितीवर अवलंबून असलेली गोष्ट आहे. मंडळीत ते वेळापत्रकावर असतं. वीस वर्षांनी, १८८३ मध्ये, त्याच्या नावाचं कॉलेज नागपुरात उघडलं ते अजून चालू आहे.

वेळापत्रकाची ही गोष्ट फार जुनी आहे. यहुद्यांच्या नियमशास्त्रात उपकारस्तुतीच्या यज्ञाचा एक विचित्र नियम आहे. लेवीयच्या सातव्या अध्यायात सांगितलंय की या यज्ञाचं मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचं, सकाळपर्यंत उरू द्यायचं नाही. सोबत भाकऱ्याही पुष्कळ. एक आख्खा पशू आणि एवढ्या भाकऱ्या एका घराला एका दिवसात संपत नाहीत. मग शेजाऱ्यांना, पाहुण्यांना, दारावरच्या भुकेल्याला बोलवावंच लागतं. आभार मानायचे तर पंगत हवी, हे नियमातच बसवून टाकलं. हे यज्ञ कुणी करायचे याची यादी स्तोत्रांवरून यहुदी गुरूंनी काढली ती चार जणांची: समुद्र पार करून आलेला, वाळवंट ओलांडून आलेला, आजारातून उठलेला, तुरुंगातून सुटलेला. चौघेही मरणाच्या दारातून परतलेले. भरघोस पीक आलेला शेतकरी त्या चौघांत नाही!

आणि ज्या स्तोत्रसंहितेत आभाराची गाणी आहेत त्याच पुस्तकात तक्रारीची गाणी त्याहून जास्त आहेत. देवा, कुठे गेलास, किती दिवस, असं थेट विचारणारी. पुष्कळदा एकाच गाण्यात आधी फिर्याद आणि मग आभार. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण 'सर्व परिस्थितीत आभार माना' या उपदेशाचा सोयीस्कर वापर करणारे लोक असतात. हमीभाव मिळाला नाही? आभार मान. बाळ दगावलं? आभार मान. असं म्हणणाऱ्यानं फिर्यादीची पानं फाडून टाकलेली असतात. प्रेषित पौलानं त्या उपदेशात परिस्थितीत राहून आभार मानायला सांगितलं आहे, परिस्थितीबद्दल नव्हे. आणि त्यानं स्वतः फटके आणि तुरुंग दोन्ही भोगले होते. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो मासेदोनियाच्या मंडळ्यांची हकिकत सांगतो. स्वतः हलाखीत असून त्यांनी यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी काढू द्या म्हणून विनवलं. त्यावर पौलाचा मुद्दा असा, की या देणगीनं घेणाऱ्यांच्या तोंडून आभार निघतील ते देवाचे. देणाऱ्यांचे असं तो म्हणत नाही. आपल्या 'उपकारस्तुती'तला बारकावा तोच.

तो बारकावा विदर्भात आणि महाराष्ट्रात कसोटीला लागला दुष्काळात. १८९६–९७ आणि पुन्हा १८९९–१९००, मध्य प्रांत दोनदा भाजून निघाला. पंडिता रमाबाई पुण्याहून मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी मुली-विधवांना गोळा करून नेऊ लागल्या. पहिल्याच दुष्काळात त्यांनी तीनशेच्या आसपास जणींना नेलं. केडगावला जमीन होती, विहीर होती. १८९८ मध्ये तिथे मुक्तिसदनाची कोनशिला बसली. रमाबाईंना या प्रदेशाची दशा पाहवत नव्हती त्याचं कारण त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात होतं. १८७४ च्या सुमारास भटकंतीत, उपासमारीत त्यांचे आईवडील आणि बहीण गेली होती. त्यांनी मुलींना हातमाग, छपाई, तेलाचा घाणा शिकवला. प्रार्थना शिकवली, पण हाताला धंदाही दिला, म्हणजे उपकाराचं ओझं उतरायला वाट ठेवली.

सगळीकडे तशी वाट ठेवली गेली नाही. दुष्काळात ख्रिस्ती झालेल्यांना शेजारी 'पोटासाठी बाटले' म्हणत, आणि मिशनच्या बंगल्यातून 'आम्ही वाचवलं म्हणून' ऐकू येई. दोन्हीकडून टोचणी. अनाथालयात वाढलेल्या पोरानं आयुष्यभर कृतज्ञ असायचं, आणि कृतज्ञ दिसायचंही, अशी अपेक्षा असे. मिशनच्या अहवालांत आधीच्या हाडकुळ्या आणि नंतरच्या स्वच्छ कपड्यांतल्या मुलांची चित्रं छापून येत. दूरदेशच्या देणगीदारांचे आभार त्या चेहऱ्यांनी मानायचे. इथे वसुलीची चिठ्ठी मधल्या माणसानं खिशात ठेवली होती. या अपमानातून सुटायची एक युक्ती मंडळ्यांनी शोधली, ती म्हणजे स्वतः देणं. मूठभर ज्वारी, दोन अंडी, काहीही. घेणाऱ्याची टोपली वेदीपुढे गेली आणि मिशनरीच्या टोपलीशेजारी बसली, तिच्यावर नाव नव्हतं. आपण फक्त उपकार घेणारे नाही, हे त्या ज्वारीच्या कणसानं सांगितलं. लिंबाच्या लिलावातला तो खट्याळपणा मला याच पिढीचा वारसा वाटतो.

मराठी गळा या उपासनेला मिळाला तोही याच सुमारास. नगरचे कृष्णराव सांगळे कीर्तनातून ख्रिस्तकथा सांगत होते. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि अभंग घेऊन आले. टिळकांच्या वळणाची सुरुवात नागपूरकडची. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला. आज मंडळ्यांच्या हातातल्या 'उपासना संगीत'मध्ये परक्या चालींची गाणी आहेत आणि टिळकांचीही. आजी टिळकांचं गाणं पाठ म्हणते, नातू गिटारवर नवी चाल वाजवतो, आणि मधली पिढी पुस्तक उघडून चाळत बसते.

१९१८ चा उल्लेख करायचाच तर थोडक्यात. ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये इन्फ्लुएंझानं मध्य प्रांत आणि वऱ्हाडात हाहाकार केला. देशात सर्वाधिक माणसं गमावलेल्या प्रांतांत हा एक. ११ नोव्हेंबरला महायुद्ध थांबलं आणि साम्राज्यभर विजयाच्या उपकारस्तुतीच्या उपासना झाल्या. घराघरात प्रेतं, चर्चमध्ये विजयाचे आभार. मागितलेले आभार असे पोकळ वाजतात.

याच्या अगदी उलट टोकाला वर्ध्याचा एक माणूस उभा आहे, आणि त्याला चर्चच्या इतिहासात फार कुणी बसवत नाही. जे. सी. कुमारप्पा. तंजावरकडचे तमिळ ख्रिस्ती, शिक्षणानं हिशेबतपासनीस. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि ते वर्ध्याच्या मगनवाडीत येऊन राहिले. हिंगणघाटपासून तासाभराच्या वाटेवर. घाणी, हातकागद, मधुमक्षिकापालन, गूळ. बेचाळीसच्या चळवळीनंतर जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली, एक येशूच्या शिकवणीवर आणि एक टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. या दुसऱ्या पुस्तकात त्यांनी निसर्गातले व्यवहार पाच पायऱ्यांवर मांडले. ज्याच्या जिवावर जगतो त्यालाच मारणारा परजीवी. न पेरता ओरबाडणारा. घरट्यासारखं स्वतःच्या श्रमानं उभारणारा. मधमाश्यांसारखा समूहासाठी राबणारा. आणि शेवटी आई, जी परत काही मागत नाही. हिशेबतपासनिसानंच हे लिहावं यात मौज आहे. आयुष्यभर जमाखर्च तपासलेल्या माणसाला ठाऊक होतं की वरच्या पायरीवर वही उघडतच नाही. चर्चनं सरकारची तळी उचलली की ते कडक शब्दांत बिशपांना पत्र लिहीत. टोपलीत काय आहे याच्या आधी ते कुणाच्या श्रमातून आलं, हे विचारणारा माणूस. १८६३ च्या कापसाबद्दलचा माझा प्रश्न खरं तर त्यांच्याकडूनच उसना घेतलेला आहे.

पुढचं भराभर. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चपंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, आणि स्कॉटिश मिशनच्या जुन्या मंडळ्या त्यात आल्या. तोवर सोमवारची उपकारस्तुती विरून गेली होती आणि अँग्लिकनांचा भोपळ्यांचा सण सगळ्यांनीच आपलासा केला होता. वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे केरळी सिरो-मलबार कॅथलिकांचा चांदा धर्मप्रांत आहे. त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेचं नाव 'कुर्बाना', म्हणजे पुन्हा अर्पणच. हिंगणघाटची बणी कपाशी कधीच मागे पडली. विसाव्या शतकात आखूड धाग्याची पण जास्त उताऱ्याची जडी आली, मग संकरित, २००२ नंतर बीटी. १ जुलै २००६ ला पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना मदत जाहीर केली त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीमबरोबर वर्धाही होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे जिल्हे म्हणून ती यादी. आता त्या यादीतल्या जिल्ह्यात कापणीचा सण करायचा होता.

अशा वर्षी टोपल्या रोडावतात. पण साक्ष देण्याची वेळ आली की कुणीतरी उठतं. ही साक्ष प्रवचनासारखी गुळगुळीत नसते. 'यंदा चुकारा अजून हाती नाही, तूर गेली, पण सासूचं ऑपरेशन निभावलं, मंडळीतल्या दोघांनी रक्त दिलं,' अशा धाटणीची. तिच्यात फिर्याद आणि आभार सरमिसळ असतात, स्तोत्रांसारखेच. ऐकणाऱ्यांना त्यातून कळतं की या घरी चुकारा आलेला नाही. दुपारपर्यंत लिलावातला तांदूळ घेणारा माणूस तो पिशवीतून नेमका त्या घरी पोहोचवतो, आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. मदतीची यादी लावायची झाली असती तर त्या घरानं नाव दिलं नसतं.

मार्च २०२० मध्ये चर्चला कुलूप लागलं. त्या वर्षीचा ईस्टर, १२ एप्रिलचा, मोबाइलच्या पडद्यावर गेला. अंत्यविधीला मोजकी माणसं. मंडळीचा आधारच जमण्यात, आणि जमायलाच बंदी. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं उघडली १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याच्या दिवशी. दुसऱ्या लाटेनंतर पुन्हा उघडली ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला. दोन्ही वेळा बाहेर वेचणीचा हंगाम होता. २०२२ च्या जुलैत वणा फुगली आणि हिंगणघाटच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं. जोडीला खरवडून गेलेली वावरं.

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या जर्मनीतला मार्टिन रिंकार्ट हा पाद्री अशा वेळी आठवतो. तीस वर्षांचं युद्ध, आयलेनबुर्ग हे तटबंदीचं गाव, १६३७ ची महामारी. गावातले दुसरे पाद्री मेले किंवा पळाले. यानं चार हजारांहून जास्त माणसं पुरली, त्यांत त्याची बायको. त्याच माणसाचं आभाराचं गाणं आज जगभर गायलं जातं. पण ते त्यानं लिहिलं घरातल्या मुलांसाठी, जेवणानंतर म्हणायला, असं सांगतात. मोठ्या गाण्याचा जन्म ताटाशी.

टाळेबंदीनंतरच्या उपासनांत मुखपट्ट्या होत्या, बाकांवर खुणा होत्या. आधी गेलेल्यांची नावं, आणि मग नेहमीची उपकारस्तुती. नेहमीपेक्षा हळू आवाजात, कारण पट्टीआडून गाता येत नाही.

लिलाव मात्र त्यानंतर पुन्हा सुरू झाले आहेत. बोली पुकारणारा म्हातारा झालाय, त्याला दम लागतो. भोपळा जातो, अंडी जातात, कोंबडा सुटून पळतो आणि पोरं त्याच्यामागे. पऱ्हाटीची फांदी शेवटपर्यंत राहते. ती खाता येत नाही, शिजवता येत नाही, आणि बाजारात तिला काय भाव आहे ते सगळ्यांना पाठ असतं. मग कुणीतरी वीस रुपये म्हणतं. कुणी पन्नास. ज्यानं ती आणली तोच शंभर म्हणतो, सगळे हसतात, आणि फांदी परत टोपलीत जाते.